जुनी रायफल : चालवावी की जपावी?

नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात जुनिपरच्या झाडाला टेकून उभी असलेली एक रायफल सापडली. विंचेस्टर कंपनीची, १८७३ च्या नमुन्याची, ४४-४० काडतुसाची. उन्हापावसाने लाकूड राखाडी पडून तडकले होते, दस्त्याचे टोक मातीत रुतले होते, लोखंडावर गंज चढला होता. अनुक्रमांकावरून ती १८८२ साली तयार झाल्याचे कळले. झाडाला ती कोणी आणि कधी टेकवली, हे मात्र कळले नाही. उद्यानाने ती वायोमिंगमधल्या कोडी गावच्या शस्त्रसंग्रहालयाकडे पाठवली. तिथल्या तज्ज्ञांनी क्ष-किरणांनी तपासून ती भरलेली नाही याची खात्री केली, दस्त्याच्या पोकळीत दडलेले एक काडतूस बाहेर काढले आणि सुटू पाहणारे लाकडाचे पापुद्रे जागच्या जागी चिकटवले. गंज घासून काढला नाही. लाकडाला पॉलिश केले नाही. जशी सापडली तशीच ती दिसावी, एवढेच त्यांना हवे होते.

या रायफलीपुरता निर्णय सोपा होता. १८८२ साली तशा हजारो रायफली विकल्या गेल्या. हिचे मोल तिच्या तडकलेल्या लाकडात आणि गंजातच आहे. अवघड निर्णय असतो तो आजही चालू शकणाऱ्या रायफलीचा. तेल देऊन कपाटात ठेवलेली, मूठ ओढली की बोल्ट सुरळीत सरकणारी, नळीतले आटे अजून चकचकीत असलेली रायफल हातात आली की संग्राहकांमध्ये हटकून दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, बंदूक ही चालवण्यासाठीच घडवलेली वस्तू आहे. तिचा बार न काढणे म्हणजे तिला मुकी करणे. दुसरा म्हणतो, प्रत्येक बारागणिक इतिहासाचा एकेक टवका उडतो. दोन्ही पक्षांत तथ्य आहे, पण दोघेही साऱ्या जुन्या रायफली एकाच जातीच्या असल्यासारखे बोलतात आणि तिथेच चुकतात. माझ्या मते या निर्णयाची कसोटी एकच आहे: जे जाणार आहे ते परत आणता येईल का? आणि ही कसोटी लावण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर मिळवावेच लागते. ही रायफल झाडणाऱ्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर बाराचा स्फोट सहन करू शकते का?

आधी पोलाद

अमेरिकन लष्कराची १९०३ ची स्प्रिंगफील्ड रायफल दिसायला देखणी, नेमाला अचूक. पण स्प्रिंगफील्ड कारखान्यातल्या ८,००,००० च्या खालच्या आणि रॉक आयलंड कारखान्यातल्या २,८५,५०७ च्या खालच्या अनुक्रमांकांच्या रायफली झाडू नयेत, असा सल्ला जाणकार आजही देतात. कारण भट्टीतले आहे. त्या काळात पोलाद किती तापले हे घडाई करणारे कारागीर त्याच्या लालीवरून, नुसत्या नजरेने ठरवत. ढगाळ दिवशी तापलेल्या लोखंडाचा रंग एक दिसे आणि लख्ख उन्हाच्या दिवशी तोच रंग फिका वाटे. मग कारागीर ते आणखी तापवत असे. जास्त तापलेले पोलाद जळते आणि ठिसूळ होते. १९१७ मध्ये रायफली फुटण्याच्या घटनांची चौकशी झाल्यावर हे उघडकीला आले. तिथून पुढे उष्णता मोजणारी उपकरणे बसवली गेली आणि पोलाद मुरवण्याची पद्धतच बदलली. ज्युलियन हॅचर या लष्करी अधिकाऱ्याने आपल्या १९४७ च्या ग्रंथात हा सारा इतिहास नोंदवून ठेवला आहे.

इथे एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: या रायफली सैनिकांनी वर्षानुवर्षे वापरल्या, लाखो गोळ्या झाडल्या, बहुतेकांना काही झाले नाही. हे खरे आहे. लष्करानेही त्या सरसकट मोडीत काढल्या नव्हत्या. पण ठिसूळ पोलादाचा स्वभावच असा की ते आधी सूचना देत नाही. लवचिक पोलाद ताणते, वाकते, बोल्ट जड चालू लागतो, मालकाला संशय येतो. ठिसूळ पोलाद हजार बार सोसते आणि पुढच्या बाराला काचेसारखे तडकते. मागचे हजार बार हा त्याच्या भक्कमपणाचा पुरावा ठरत नाही. म्हणून अशा रायफलीबाबत ‘कमी दाबाची काडतुसे वापरू’ ही तडजोडही मला मान्य नाही. एखाद्या काडतुसाची पितळी पुंगळी तळाशी फुटली तर मागे येणारा वायू तुम्ही ठरवलेला दाब पाळत बसत नाही.

काही रायफलींत दोष पोलादाचा नसतो, काळाचा असतो. १८७३ ची ‘ट्रॅपडोर’ स्प्रिंगफील्ड ४५-७० काडतुसासाठी घडवली गेली. त्यातले ७० म्हणजे काळ्या दारूचे ७० ग्रेन. हेच काडतूस आजही दुकानात मिळते, पण आजच्या मजबूत रायफलींसाठी भरलेली त्याची काही काडतुसे कितीतरी जास्त दाब निर्माण करतात. चेंबरमध्ये दोन्ही सारखीच बसतात. जुन्या रायफलीला ती सोसत नाहीत.

एम-१ गॅरंडची अडचण आणखी वेगळी. १९३६ साली अमेरिकन लष्कराने स्वीकारलेली ही अर्धस्वयंचलित रायफल नळीच्या तोंडाजवळच्या छिद्रातून वायू घेऊन एक लांब दांडा मागे ढकलते आणि पुढचे काडतूस आपोआप भरते. सावकाश जळणारी दारू आणि जड गोळी असलेले आजचे शिकारी काडतूस वापरले तर त्या छिद्रापाशी वायूचा दाब जरुरीपेक्षा जास्त उरतो आणि दांडा वाकतो. नळी फुटत नाही, झाडणाऱ्याला इजा होत नाही, पण एक मूळ सुटा भाग कायमचा बिघडतो. अशा रायफलीसाठी लष्करी काडतुसाच्या बरहुकूम भरलेली काडतुसेच वापरायची असतात.

आपल्याकडच्या एका रायफलीचे उदाहरण इथे द्यायला हवे. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ली-एनफील्ड रायफली बनत. स्वातंत्र्यानंतर १९६० च्या दशकात तिथेच ७.६२ मिलिमीटर काडतुसाची २ए आणि २ए१ ही रूपे तयार झाली. ती जुन्या ३०३ काडतुसाच्या रायफलीचे नुसते रूपांतर नव्हती, त्यांचे पोलाद नवे आणि सरस होते. बाहेरच्या देशांत त्यांना उगीचच कमी लेखले जाते. याउलट ज्या ली-एनफील्डवर कवायतीच्या वापराची ‘डीपी’ ही खूण ठोकलेली असते, ती लष्करानेच झाडण्यास अयोग्य ठरवलेली असते. खूण मूठभर लोकांनाच वाचता येते आणि रायफल वरून धडधाकट दिसते, म्हणून ती जास्त धोक्याची.

पोलाद ठीक असले तरी बोल्ट आणि काडतुसाच्या तळामधले अंतर मापकांनी तपासावे लागते. वापराने ते वाढलेले असू शकते, किंवा कोणी दुसऱ्याच रायफलीचा बोल्ट बसवलेला असू शकतो. नळीत फुगवटा आहे का, पकडीच्या बारीक भागाशी, म्हणजे ‘मनगटा’जवळ, दस्ता चिरला आहे का, रिसीव्हरला केसासारखी भेग आहे का, हे पाहणे जुन्या शस्त्रांत मुरलेल्या कारागिराचे काम आहे. छायाचित्र पाठवून मिळवलेल्या अभिप्रायावर कोणी बार काढू नये.

बारात काय जाते

रायफल सुरक्षित ठरली की खरा विचार सुरू होतो. एका बाराने नेमके काय झिजते?

पुष्कळांना वाटते की नळी झिजते. झिजते, पण फार सावकाश. नीट निगा राखलेली ३०-०६ काडतुसाची नळी हजारो बार टिकते. वर्षाकाठी एखाद्या रविवारी वीस गोळ्या झाडणाऱ्या माणसाला आपल्या हयातीत तिची झीज जाणवायची नाही. नुकसान गोळी फारसे करत नाही, गोळीच्या आजूबाजूला जे घडते ते करते. घामट हाताचा ठसा निळसर लोखंडावर दोन दिवसांत गंजाचा डाग उमटवतो. काडतूस भरताना पितळ झाकणाच्या कडेला ओरखडे काढते. ऐंशी वर्षे सुकलेले अक्रोडाचे लाकूड धक्क्याने मनगटाशी चिरते. जुनी फायरिंग पिन तुटते. साफ करताना नळीच्या तोंडाकडून घातलेला पोलादी गज आट्यांच्या कडा घासत राहतो; कितीतरी लष्करी रायफली झाडण्यापेक्षा या साफसफाईनेच नेम हरवून बसल्या आहेत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, चुकीच्या मापाच्या पेचकसाने स्क्रूच्या खाचा बिघडतात. बिघडलेली खाच पाहताच जाणता संग्राहक ओळखतो की इथे परका हात लागला आहे.

काडतुसाच्या टोपीतली रसायनेही लक्षात घ्यावी लागतात. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून नळीत पोटॅशियम क्लोराइड उरते. हे मीठ हवेतले पाणी ओढते आणि एका रात्रीत नळी गंजवते. तेलाने ते विरघळत नाही, गरम पाण्यानेच धुवावे लागते. काळ्या दारूच्या काजळीचेही तसेच. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळी हवेत तर यात एका दिवसाचाही उशीर चालत नाही.

आता कसोटी लावू. स्प्रिंग तुटली तर नवी बसवता येते. जुनी पिशवीत घालून, चिठ्ठी लावून रायफलीबरोबर ठेवता येते. कारखान्याने दिलेला मूळ निळा रंग मात्र एकदा घासला गेला की गेला. नवा रंग कितीही सुरेख चढवला तरी तो नवाच, आणि जाणकारांच्या बाजारात नव्याने रंगवलेल्या रायफलीची किंमत घासलेल्या मूळ रंगापेक्षा बहुधा कमीच धरली जाते. दस्ता कापून रबरी गादी बसवली, रिसीव्हरला दुर्बिणीसाठी भोके पाडली, तर तेही परत येणारे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्तात विकल्या गेलेल्या असंख्य लष्करी रायफली अशाच कापूनकोरून शिकारी बनवल्या गेल्या. तेव्हा ते शहाणपणाचे वाटले असेल. आज न कापलेली रायफल मिळवायला संग्राहक दारोदार फिरतात.

आणि ‘एकदाही न झाडलेली’ ही अवस्थाही परत येत नाही. अर्थात या शब्दांचा अर्थ नेमका धरला पाहिजे. प्रत्येक चांगल्या कारखान्याने रायफल बाहेर पाठवण्याआधी तिची चाचणी घेतलेलीच असते. ब्रिटनमध्ये तर लंडन आणि बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहांचे ठसे त्यासाठीच असतात. ‘न झाडलेली’ म्हणजे कारखान्यातून निघाल्यावर न झाडलेली. अशा रायफलीच्या बाबतीत पहिला बार आणि दुसरा बार यांत आकाशपाताळाचे अंतर आहे. पहिल्याने एक अवस्था संपते. दुसऱ्याने जवळजवळ काहीच होत नाही. हा फरक समजला की पुष्कळ गोंधळ मिटतो: पेटीसह, कागदांसह, अस्पर्श राहिलेल्या रायफलीवर हात ठेवताना दहादा विचार करावा, पण तीस वर्षे कोणाच्या तरी खांद्यावर हरणांमागे हिंडलेल्या, रंग उडालेल्या विंचेस्टर ९४ ला आणखी दहा गोळ्यांनी काही तोटा होत नाही. तिला कपाटात कोंडून कोणते मोल राखले जाते, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

ठरवून केलेली दुर्मीळता

इथे बाजार आणि इतिहास यांची फारकत होते. १९६६ साली विंचेस्टरने आपल्या शताब्दीनिमित्त ‘सेंटेनियल ६६’ ही स्मरणिका रायफल काढली. सोनेरी मुलाम्याची, आकर्षक पेटीतली. एक लाखाहून अधिक विकल्या गेल्या. त्यानंतर अशा स्मरणिकांची रांगच लागली. विकत घेणाऱ्यांनी त्या झाडल्या नाहीत, कारण न झाडण्यासाठीच त्या घेतल्या होत्या. परिणाम असा की त्यांतल्या कितीतरी आजही पेटीबंद आहेत, आणि जे सगळ्यांनीच जपले ते दुर्मीळ राहत नाही. बाजार अजूनही झाडलेल्या स्मरणिकेची किंमत कमी करतो, एवढेच काय, लीव्हर वारंवार ओढल्याची रेघ दिसली तरी भाव पाडतो. विकण्यासाठी ठेवली असेल तर तो हिशेब पाळावा. पण इतिहासाच्या दृष्टीने त्या रायफलीत जपण्यासारखे फारसे काही नाही. तिने काही पाहिलेले नाही. ती झाडायची असेल तर खुशाल झाडा.

याच कंपनीने १८७५ च्या सुमारास केलेला दुसरा प्रयोग पाहा. ज्या नळ्या चाचणीत असाधारण अचूक ठरत, त्यांच्या रायफली ‘वन ऑफ वन थाउजंड’ अशी अक्षरे कोरून १०० डॉलरला विकल्या जात. १८७३ च्या नमुन्यात अशा जेमतेम दीडशेच्या आतबाहेर बनल्या. १९५० चा ‘विंचेस्टर ७३’ हा चित्रपट त्यांच्यापैकीच एका रायफलीभोवती फिरतो, आणि त्या निमित्ताने उरलेल्या रायफलींचा जाहीर शोधही घेतला गेला. झाडून पाहिल्यामुळेच जिला मान मिळाला, अशी ही रायफल. तरीही आज तिचा बार काढावा असे मी म्हणणार नाही. तिच्या अंगावर उरलेला प्रत्येक मूळ कण मोजका आहे, आणि ती अचूक आहे हे सिद्ध करायचे काम दीडशे वर्षांपूर्वीच झाले आहे.

कॉर्बेटची रिग्बी

भारतीय वाचकाला सर्वांत जवळची रायफल म्हणजे जिम कॉर्बेटची २७५ रिग्बी. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी ती त्यांना भेट दिली. दस्त्यावर तसा मजकूर कोरलेली चांदीची पट्टी आहे. म्हणजे चंपावतची वाघीण या रायफलीने मेली नाही; रायफल त्या प्रसंगानंतर आली. पण चौगढची वाघीण मारली ती २७५ रायफलीनेच. १९३० चा तो प्रसंग कॉर्बेटच्या वाचकांच्या मनातून जात नाही: डाव्या हातात रातव्याची दोन अंडी, समोर काही पावलांवर वाघीण आणि एका हाताने हळूहळू वळवलेली ती हलकी रायफल. कॉर्बेटचे कुमाऊँच्या नरभक्षकांवरचे पुस्तक १९४४ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेने काढले. कॉर्बेट १९५५ मध्ये केनियात वारले. त्यांच्यानंतर ही रायफल त्यांच्या याच प्रकाशनसंस्थेकडे गेली, तिथून ती तिला घडवणाऱ्या लंडनच्या रिग्बी कंपनीकडे परतली, आणि २०१६ मध्ये काही दिवसांसाठी भारतातही आणली गेली.

ती यंत्र म्हणून आज चालेलही. बाजाराचा हिशेब मी बाजूला ठेवतो. तिच्या बोल्टवरची झीज, दस्त्यावरची घासट, लाकडावरचे खड्डे हे सगळे कॉर्बेटच्या हातचे आहेत, असे आज म्हणता येते. उद्या तिच्यातून कोणी शंभर गोळ्या झाडल्या तर त्या झिजेत दुसऱ्याची झीज मिसळेल आणि कोणती कोणाची हे सांगता येणार नाही. अशा रायफलीला मी झाडण्याच्या यादीतून कायमचे काढतो, मग ती कितीही भक्कम असो. वापराच्या खुणा जिच्या बाबतीत पुरावा आहेत, तिच्यात नव्या खुणांची भर घालण्याचा अधिकार मालकालाही नसावा.

जपणे म्हणजे काय

‘जपतो’ म्हणणारे पुष्कळ जण प्रत्यक्षात फक्त ठेवून देतात. पेटीत घडी घालून ठेवलेली पैठणी न नेसताही घडीवर चिरते, जर मोडते. रायफलही न झाडता मरते. चामड्याच्या म्यानात ठेवली तर कमावलेल्या चामड्यातले क्षार आणि ओल नळीला गंजवतात. नळी वर करून वर्षानुवर्षे उभी ठेवली तर तेल निथळून मनगटाच्या लाकडात मुरते आणि ते भुसभुशीत होते. म्हणून नळी खाली करून ठेवण्याची जुनी चाल योग्य आहे. लाकूड आणि लोखंड दोन्ही सुखी राहतील अशी हवा फार दमट नको, फार कोरडी नको. ४० ते ५० टक्के आर्द्रता बरी. हातमोज्यांशिवाय धरू नये. गंजाचा डाग दिसला की घासण्याआधी थांबावे. सक्रिय गंज रोखणे आणि वस्तू चमकवणे ही दोन वेगळी कामे आहेत.

जपण्याच्या नावाखाली होणारा सर्वांत मोठा नाश कायद्यातून येतो. ब्रिटनमध्ये १९८८ पासून शस्त्र निष्क्रिय करण्याची अधिकृत पद्धत आहे: नळी कापणे, चेंबर बंद करणे, बोल्ट घासणे. कागदोपत्री वस्तू वाचते, प्रत्यक्षात तिचा गाभा जातो. शक्य असेल तोवर हा मार्ग टाळावा; संग्रहालयाला देणे त्यापेक्षा बरे. आपल्याकडे शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. ज्यांच्या एकाच परवान्यावर आजोबांची जुनी रायफल, वडिलांची बाराबोअर आणि स्वतःची बंदूक होती, त्यांना निवड करावी लागली, आणि अशा वेळी जाते ती सहसा सर्वांत जुनी, जिच्यापासून काही ‘उपयोग’ नाही ती.

झाडायची ठरली तर मर्यादा आधी लिहून काढाव्यात. परवानगी असलेल्या मैदानावरच. काडतूस त्या रायफलीच्या काळाच्या दाबाचे. मूळ सुटे भाग उतरवून त्या जागी नव्या स्प्रिंगा, नवी फायरिंग पिन. वर्षातून मोजक्या गोळ्या, लगेच साफसफाई, आणि प्रत्येक बाराची नोंद. ज्याच्याकडे इतिहास असलेली रायफल आहे आणि झाडण्याची हौसही आहे, त्याने त्याच नमुन्याची दुसरी, सामान्य अवस्थेतली घ्यावी. एकीला जपावे, दुसरीला झाडावे. पैशाची अडचण असेल तर जपायची तीच ठेवावी आणि मैदानावर मित्राची मागून घ्यावी.

ज्यांच्या घरी अशी जुनी रायफल आहे त्यांना एक विनंती आहे. बार काढायचा की नाही हे ठरवण्याआधी, तिला तेलाचा हात लावण्याआधीही, चारही बाजूंनी तिची छायाचित्रे काढा. अनुक्रमांक, ठसे, खुणा, लाकडावरचे खड्डे, सगळे. मग घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ बसून ती कोणाची, कुठून आली, कोणी कधी वापरली, हे विचारून तारखेसह लिहून घ्या आणि तो कागद परवान्याच्या कागदांबरोबर ठेवा.